बिनखात्याचे तात्या

राजकारणात बिनखात्याचा मंत्री असतो. त्याला बंगला असतो, गाडी असते, मागेपुढे माणसं असतात. काम तेवढं नसतं. आमच्या बेल्ह्यात बिनखात्याचे तात्या आहेत. त्यांचं सगळं उलटं. काम मरणाचं, पैसा पोटापुरता आणि त्याहून थोडा वर, पण बँकेत खातं नाही. आणि ज्याचं एकही खातं नसतं त्याला जगायला निदान चार खाती लागतात, हे मी त्यांच्या शेजारी राहून बघतो आहे. दुधाचा पगार सुनेच्या खात्यावर येतो. कांद्याची पट्टी आळेफाट्याहून पुतण्याच्या खात्यावर. मुंबईचा मुलगा पाठवतो ते किराणा दुकानदाराच्या फोनवर. आणि बैल विकला तर माझ्या. सकाळचा चहा झाला की तात्या टोपी घालून निघतात आणि आपल्या चारही शाखांची तपासणी करून येतात. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नरसुद्धा एवढा फिरत नसेल.

तात्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ते आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरंच आहे. वयाचंही तसंच. आधारावर जन्मतारीख १ जानेवारी. शाळेत गेले असते तर गुरुजींनी १ जून लिहिली असती. गेलेच नाहीत, म्हणून १ जानेवारी. त्या दिवशी आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो आणि केक एकाचाही कापला जात नाही. या तारखेनं तात्यांचं एक काम मात्र केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाली, तेव्हापासून तात्या पैसा न खर्चता पैशाच्या मागे हिंडू शकतात.

बेल्हे हे कल्याण-नगर रस्त्यावरचं, आळेफाट्याच्या पुढचं गाव. सोमवारचा आठवडे बाजार आणि त्यातला बैलबाजार ही त्याची ओळख. या बाजारात पिढ्यानपिढ्या जे सौदे झाले त्यांत बँक कुठेच नव्हती. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, विकणाऱ्याचा हात धरतो, वर उपरणं टाकतो आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही आकडा कळत नाही. कुणाला सांगू नका म्हणून ज्या ओटीपीबद्दल आता रोज बजावतात, तो आमच्याकडे उपरण्याखाली कधीपासून चालू आहे. मग इसार, मग पावती, मग कासरा नव्या मालकाच्या हातात आणि नोटा जुन्या मालकाच्या बंडीत.

तात्यांच्या बंडीला आतून चोरखिसा आहे. त्यात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, पिशवीत नोटा, नोटांना रबर. पैसे मोजायचे झाले की तात्या आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात, मग भिंतीकडे तोंड करतात. त्यामुळे तात्या पैसे मोजतायत हे अख्ख्या बाजाराला कळतं.

खातं का काढलं नाही, याची कारणं त्यांना पाठ आहेत. सातबारा थोरल्या भावाच्या नावावर. सोसायटीचं कर्ज जन्मात काढलं नाही, त्यामुळे जिल्हा बँकेची पायरी चढायची वेळ आली नाही. पगाराची नोकरी तर सात पिढ्यांत कुणी केली नाही. "आन मपला पैसा मपल्यापाशी आसला म्हंजी त्यो हाये का नाय ते दुसऱ्याला इचारावं लागत नाय," हे वर. यावर मी बँकेच्या सुरक्षिततेबद्दल बोलायला लागलो की तात्या पेपरात वाचलेलं काढतात. वाचतात म्हणजे सलूनमध्ये कुणीतरी वाचतं आणि ते ऐकतात. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला, हे त्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येतील असं सांगितलं गेलं, हे तर त्यांचं आवडतं उदाहरण. "हजार रुप्ये? तेवढं तर माझ्या बंडीत बी आसत्यात," असं म्हणून ते बंडीवर थाप मारतात. ठेवींवरचा विमा २०२० पासून पाच लाखांचा झालाय, असं मी सांगितलं. त्यावर, "पाच लाख आसंल त्यानं बघावं," एवढंच उत्तर आलं.

आता तुम्हाला तात्या जगावेगळे वाटतील. पण हा आमचा जुन्नर तालुका फार काळ असाच चाललेला आहे. पश्चिम टोकाला नाणेघाटात सातवाहनांच्या वेळचा दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यानं जकात त्यात टाकायची, असं सांगतात. नाणं पडलं, टण वाजलं, रस्ता मोकळा. आता नाशिक रस्त्यावर टोलनाक्याला फास्टॅग लागतो आणि २०२१ मध्ये रोख देणाऱ्याला दुप्पट टोल पडायला लागला. टोलच्या बाबतीत सातवाहन बरे होते, असं आमचा टेम्पोवाला म्हणतो. इतिहासातलं हे एकच विधान मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे.

बरं, ठेव ठेवायची रीतही इथली जुनीच. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवी दिल्याचे शिलालेख आहेत. नाशिकच्या लेण्यात उषवदातानं विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले: दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर पाऊण. व्याजाचा दर कातळात कोरलेला आहे, त्यामुळे मध्येच खाली आणायची सोय नाही. कासारांनी कुणाकडे दोन फोटो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा मागितल्याचा उल्लेख मात्र सापडत नाही.

नंतर सावकार आला आणि त्यानं कागद आणला. कागदावर अंगठा. तो अंगठा पहिल्या फटक्यात उमटायचा, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा राग माणसांपेक्षा दस्तांवर होता. कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. कागदाविषयी आमच्या जिल्ह्याचं मत तेव्हापासून असं आहे.

या सगळ्यात तात्यांना मनापासून पटलेली सरकारी सोय एकच, मनीऑर्डर. मुंबईत डबे पोचवणारे, बाजारांत ओझी उचलणारे जुन्नर-आंबेगावचे गडी वर्षानुवर्षं तिच्यावरच घर चालवत. पोस्टमन दारात यायचा, नोटा मोजून द्यायचा, कुपनावरच्या चार ओळी वाचून दाखवायचा आणि चहा पिऊन जायचा. बँकेत जाऊन आलेल्या कुणाला तिथल्या साहेबानं मुलाची खुशाली वाचून दाखवल्याचं तात्यांच्या ऐकिवात नाही. जुन्या पद्धतीची ती मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

तात्यांची चार शाखांची बँक स्थापन झाली ती मात्र त्यानंतर, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं तात्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, म्हणजे दूध घालायला गेल्यावर. ज्याचं खातं आहे त्यानं खात्यात भरावं. ज्याचं नाही त्यानं खिडकीवर चार हजारांपर्यंत बदलून घ्यावं. मग ते साडेचार हजार झाले, मग दोन हजार झाले, मध्येच बोटाला शाई लावायला लागले, आणि २४ नोव्हेंबरला बदलून देणंच बंद झालं. मतदानाखेरीज बोटाला शाई लागायची तात्यांची ती पहिलीच वेळ. "ह्या वेळी कोन उभं हाये?" असं त्यांनी रांगेत विचारलं होतं. गावाकडच्या माणसाला त्यातल्या त्यात ओळखीची म्हणजे जिल्हा बँक, तर तिला १४ तारखेलाच जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. शेवटी थोडे पुतण्याकडे, थोडे सुनेकडे, थोडे दुकानदाराच्या उधारीत आगाऊ, असे तात्यांचे पैसे गावभर दाटीवाटीनं बसले. सरकार सांगत होतं, दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात घेऊ नका. तात्यांच्या मते पुतण्या हा दुसरा नव्हे.

त्याच आठवड्यात आजींच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, उतरंडीतून तात्यांना ठाऊक नसलेली एक पुरचुंडी बाहेर आली. तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नोटा रद्द झाल्याचं दुःख किती आणि आपल्याच घरात आपल्यापेक्षा मोठी बँक चालू होती याचं किती, ते वेगळं काढता येईना.

आज बाजारात उभं राहिलं की खातं नसणं म्हणजे काय ते चहाच्या गाडीपासूनच कळतं. तात्या दहाचं नाणं देतात. "चालत नाय." दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये जाहीर केलं होतं, पण रिझर्व्ह बँक चहा प्यायला बेल्ह्यात येत नाही. मग तात्या पाचशेची नोट काढतात. "सुट्टे नाय, स्कॅन करा." स्कॅन करायला फोन हवा. तात्यांच्या फोनला बटणं आहेत, त्यात विजेरी आहे आणि सुनेनं भरून दिलेली भारुडं आहेत. बटणांच्या फोनवरूनही पैसे देता येतात, ती सोय २०२२ मध्ये निघाली. पण तिलाही मागे खातं लागतंच. मग गाडीवाला म्हणतो, "ऱ्हाऊ द्या तात्या, पुढच्या सोमवारी." असे तात्या आयुष्यात कधी नव्हते इतके उधारीत गेले आहेत आणि तेही खिशात पैसे असताना. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर एका महिन्यात यूपीआयवर हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यांत तात्यांचा एकही नव्हता, पण त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी केलेले बरेच असतील.

मागे एक नंदीबैलवाला आला. नंदीच्या पाठीवर झूल, झुलीवर आरसे आणि आरशांच्या मधोमध तो स्कॅन करायचा काळापांढरा चौकोन. आजींनी सुपातून पसाभर बाजरी आणली. नंदीबैलवाल्यानं बाजरी घेतली, पण "पाऊस पडंल का?" या प्रश्नाला नंदीनं मान हलवली ती अगदीच थोडी.

केनियात २००७ पासून एम-पेसा नावाची सोय आहे, बँकेत खातं नसलं तरी साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात, हे मी तात्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारपूर्वक ऐकलं. "तिकडं बैलबाजार भरतो का?" म्हणाले.

बैलाचंच सांगतो. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये थांबवल्या तेव्हा आमच्याकडचा बैल नुसता शेतीपुरता उरला आणि शेतीत ट्रॅक्टर. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही कायदा ग्राह्य धरला आणि घाटात पळणाऱ्या खोंडांना एकदम मोल आलं. तात्यांनी एक खोंड जोपासला होता. मुलाला दिली नसेल एवढी पेंड त्याला दिली. सोमवारी बाजारात पारनेरकडचा एक तरुण गडी आला. डोळ्यांवर गॉगल, हातात फोन, फोनमध्ये त्याच खोंडाचा पळतानाचा व्हिडिओ. उपरण्याखाली बोटं दाबायची तर त्याला ती भाषाच येईना. शेवटी उघड्यावर एक लाख चाळीसला सौदा झाला. इसाराचे हजार रुपये त्यानं कुणाकडून तरी मागून रोख दिले आणि विचारलं, "आजोबा, स्कॅनर आहे का?"

"स्कॅनर नाय," तात्या म्हणाले. "कासरा हाये."

मग मी पुढे झालो. माझा फोन, माझं खातं. त्यानं पैसे पाठवले, लाखावर गाडी अडली. यूपीआयची एका दिवसाची मर्यादा एक लाख. उरलेले एकोणचाळीस हजार रात्री बारानंतर पाठवतो म्हणाला. तात्या म्हणाले, मग बैलही रात्री बारानंतर. त्यामुळे बैल, गॉगलवाला, त्याचा मित्र आणि टेम्पोचा ड्रायव्हर असे सगळे आमच्या अंगणात मुक्कामाला आले. आता प्रश्न असा उभा राहिला की रात्रभर बैल कुणाचा? पैशाच्या हिशोबानं दोन तृतीयांशांहून जास्त बैल त्याचा होता, उरलेला आमचा. तात्यांनी निवाडा केला. पुढचा भाग त्याचा, मागचा आपला. म्हणजे वैरण त्यानं घालायची आणि शेण आपण घ्यायचं. गॉगलवाल्यानं हे मुकाट मान्य केलं, कारण आमच्याकडे पिठलं-भाकरी चालू होती.

बाराच्या ठोक्याला पैसे आले. तात्या जागेच होते. "दाव बरं." मी फोन दाखवला. तात्यांनी तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, उलटा करून मागूनही पाहिला. "हे तर आकडं हायेत. पैसं कुठंयत?" खात्यात आहेत म्हटलं. "कुनाच्या?" माझ्या. तात्या काही बोलले नाहीत. त्या रात्री ते आमच्या ओट्यावर झोपले. मी पळून जाईन असं त्यांना वाटलं असेल असं नाही. पण खोंडाला एकदम परक्या जागी सोडायचं नसतं, एवढंच ते म्हणाले.

इकडे माझ्या बायकोनं शिल्लक रकमेचा मेसेज वाचला. हे पैसे बैलाचे आहेत हे तिला ठाऊक होतं, तरी दुसऱ्या दिवशी मला चहाबरोबर न मागता खारी मिळाली.

पैसे काढायला शाखेत गेलो तर रोकड उद्या येणार होती. मग एटीएम. ते एका दिवसात ठरावीकच देतं. त्यामुळे तात्यांचा बैल त्यांना सुट्ट्या भागांत परत मिळू लागला. मंगळवारी एक पाय निघाला. बुधवारी दुसरा. गुरुवारी यंत्र बंद होतं. शुक्रवारी वशिंड आलं. तात्या रोज दुधाची पिशवी घेऊन दारात उभे, आणि मी रोज पाचशेच्या नोटा त्यांच्या हातात ठेवल्या की ते भिंतीकडे तोंड करून मोजत. एवढ्यात पाच तारीख आली आणि माझ्या मोटरसायकलचा हप्ता खात्यातून आपोआप कापला गेला. शेपूट गेलं. ते पगार झाल्यावर मी भरून दिलं, पण तोवर गावात झालं होतं की तात्यांच्या बैलावर मास्तर गाडी फिरवतोय.

तात्यांना त्यातून एक कायदेशीर ज्ञानही मिळालं. आयकर कायद्यानुसार २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. म्हणजे खोंड दोन लाखांना गेला तर खातं नसलेल्या माणसाला त्याचे पैसे सरळ मार्गानं घेताच येणार नाहीत. तेव्हापासून दावणीतल्या धाकट्या खोंडाकडे तात्या काळजीनं बघतात. तो जरा जास्तच पळायला लागला तर त्याची पेंड कमी करणार आहेत.

शेळीचं प्रकरण त्याच्याही पुढचं. जुन्नर-आंबेगावात बिबट्या हा शेजारी आहे. ऊस आला तसा तो आला आणि राहिला. एका रात्री त्यानं आजींची शेळी नेली. वनखात्याची माणसं तातडीनं आली, पंचनामा केला, आजींचं सांत्वनही केलं. नुकसानभरपाई मिळते, फक्त ती थेट खात्यात जमा होते. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या. "बिबट्यानं शेळी नेली तव्हा पासबुक इचारलं नाय," तात्या म्हणाले. वनरक्षकाला हसू आवरेना. आजी दुपारभर विचार करत होत्या. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की ती शेळी मुळात सुनेचीच होती, तिच्या माहेरून आली होती. सुनेलाही हे पहिल्यांदाच कळलं. शेळीची भरपाई सुनेच्या खात्यात आली आणि तिचं पुढे काय झालं हा त्या घरातला अंतर्गत प्रश्न आहे.

आजींचं स्वतःचं खातं काढायची एक संधी २०२४ मध्ये येऊन गेली. लाडकी बहीण योजना आली, महिना दीड हजार, पैसे आधार जोडलेल्या स्वतःच्याच खात्यात. जुलै-ऑगस्टात बँकेपुढे, पोस्टापुढे बायकांच्या रांगा लागल्या. आजीही नवं लुगडं नेसून निघाल्या. योजना एकवीस ते पासष्ट वयापर्यंतच आहे हे त्यांना रांगेत कळलं. "पासष्ट झाल्यावं भैन लाडकी ऱ्हात नाय," असं म्हणत परत आल्या.

शेवटी मीच ठरवलं की तात्यांचं खातं काढायचं. माझ्या खात्याच्या सुखासाठी. शाखेचं नाव सांगत नाही. पंखा होता, खुर्च्या होत्या, आणि कनेक्टिव्हिटी साडेअकराला आली. फॉर्म भरला. पॅन कार्ड नाही, म्हणून फॉर्म साठ भरला. फोटोसाठी टोपी काढा म्हणाले, तेव्हा तात्या उठून निघाले होते; कपाळ दिसेल इतकी टोपी मागे सरकवण्यावर तडजोड झाली. खिडकीमागचा मुलगा परप्रांतातला, नवा आणि नम्र होता. त्यानं आधार क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इनका तो अकाउंट है."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नावावर काहीतरी करून ठेवलंय असं त्यांना वाटलं असणार.

खातं २०१४ चं होतं. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. एका आठवड्यात १ कोटी ८० लाखांहून जास्त खाती उघडली म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. मग गावोगाव शिबिरं झाली. त्यात कधीतरी शाळेच्या पटांगणात तात्यांनी आधार दाखवून अंगठा दिला होता. कशासाठी, ते विचारलं नव्हतं. सगळे देत होते. नंतर पोस्टानं एक पाकीटही आलं होतं. पाकिटात रुपे कार्ड होतं. ते कुठे गेलं याचा घरी शोध घेतला तर आजींनी ते स्वयंपाकघरातून आणून दिलं. परातीला चिकटलेली कणीक त्यानं चांगली खरवडून निघते म्हणाल्या. त्या कार्डावर अपघात विमा असतो, हे ऐकून त्यांनी ते धुऊन पुसून देवघरात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परातीजवळ, कारण दुसरं काही तितकं बरं खरवडत नाही.

तर खातं होतं. पण दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि इथे तर एकही झाला नव्हता. जागं करायला केवायसी. केवायसीला अंगठा. आता तो अंगठा. मुलानं तो यंत्रावर ठेवला, दाबला, रुमालानं पुसला, धुऊन यायला सांगितलं, दुसरा ठेवला, मग एकेक करत सगळी बोटं. कांदा, कासरा आणि पंचाहत्तर वर्षं यांनी रेघा शिल्लक ठेवल्या नव्हत्या. सावकाराच्या कागदावर तात्यांच्या आजोबांचा अंगठा एकदाही नाकारला गेला नव्हता. बुबुळ तपासायचं यंत्र त्या शाखेत नव्हतं. शिवाय आधारावरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव जुळेना. आधी आधार दुरुस्त करून आणा म्हणाले. आधार दुरुस्त करायच्या केंद्रावर गेलो. तिथे ओळख पटवायला अंगठा मागितला.

बेल्ह्याहून जवळच आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्याकडून ज्ञानेश्वरांनी वेद म्हणवून घेतले अशी कथा आहे. पैठणच्या विद्वानांसमोर त्याला एकदाच तोंड उघडावं लागलं आणि सगळ्यांची खात्री पटली. तात्यांनी त्या दिवशी दोन्ही कार्यालयांत भरपूर तोंड उघडलं. कुणाचीच पटली नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं मात्र आधार कार्ड पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. त्याला अंगठा लागला नाही.

जनधन खात्यांचा आकडा ऑगस्ट २०२३ मध्येच पन्नास कोटींच्या वर गेला. त्यात तात्या आहेत. म्हणजे आकडा खोटा म्हणता येत नाही आणि तात्यांनाही खोटं पाडता येत नाही. सरकारदरबारी ते खातेदार आहेत आणि बेल्ह्यात बिनखात्याचे. मला विचाराल तर माणसाला खात्यापर्यंत आणण्यात आपण जेवढी घाई केली, तिच्या निम्मीही खातं माणसापर्यंत नेण्यात केली नाही.

ते असो. धाकटा खोंड दिवाळीनंतर बाजारात उभा राहील. रंगानं कोसा, शिंगं सरळ, पळायला चांगला. पण किंमत दोन लाखांच्या आतच सांगितली जाईल, त्यामुळे कमअस्सल समजू नका. सोमवारी लवकर या, रोख आणा, जमलं तर शंभर-दोनशेच्या नोटांत आणा. स्कॅनर मागू नका. आणि काही झालं तरी माझं खातं यात धरू नका. पाच तारखेला अजून हप्ता जातो.